सिमल्याची आकडेमोड आणि पेरूचा समुद्र

१८७६ साली दख्खनवर पाऊस रुसला. पुढच्या वर्षी, १८७७ साली, तो जवळजवळ साऱ्या हिंदुस्थानावर रुसला. १८७१ पासूनच्या पर्जन्यनोंदींत इतका कोरडा पावसाळा पुन्हा आढळत नाही. सोलापूर, कलादगी, बेल्लारी, म्हैसूर, मद्रास असा दुष्काळाचा पट्टा पसरत गेला आणि पुढे उत्तरेतील प्रांतही त्यात ओढले गेले. या दुष्काळात कमीत कमी ५५ लाख माणसे दगावली, असे मानले जाते. काही अभ्यासकांचे अंदाज याहून बरेच मोठे आहेत. त्याच सुमारास उत्तर चीनमधील शान्शी प्रांतात गावेच्या गावे ओस पडत होती. ब्राझीलच्या सेआरा प्रांतातून अवर्षणग्रस्त कुटुंबे किनाऱ्याकडे निघाली होती. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर, जिथे एरवी आकाशातून थेंबही पडत नाही, तिथे मात्र पावसाने नद्यांना पूर आणले होते. या चार घटना चार वेगळ्या खंडांतल्या दंतकथांसारख्या एकमेकींपासून अलिप्त राहिल्या. त्यांची मुळे एकाच समुद्रात आहेत, हे समजायला पुढची नव्वद वर्षे जावी लागली. त्या नव्वद वर्षांतील बराच मोठा काळ ही शोधकथा हिंदुस्थानातील सरकारी कचेऱ्यांत, रूळ आखलेल्या कागदांवर घडत होती.

देशोदेशीचे हवामान भिन्न असते, यात नवे काही नव्हते. विषुववृत्तापासूनचे अंतर, समुद्रसपाटीपासूनची उंची, डोंगरांची आडवी भिंत ही त्या भिन्नतेची कारणे शाळेच्या भूगोलातही असत. पण या कारणांनी सगळे कोडे सुटत नाही. मद्रास म्हणजे आजचे चेन्नई आणि पेरूची राजधानी लिमा ही दोन्ही समुद्रकाठची शहरे. एक विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १३ अंशांवर, दुसरे दक्षिणेला सुमारे १२ अंशांवर. चेन्नईत वर्षाला साधारण १४० सेंटिमीटर पाऊस पडतो. लिमात दोन सेंटिमीटरही पडत नाही. अक्षांश जवळपास सारखा, समुद्र दोन्हीकडे शेजारी, तरी एवढी तफावत का? आणि त्याहून अवघड प्रश्न असा, की एकाच ठिकाणचे हवामान एका वर्षी उदार आणि दुसऱ्या वर्षी कृपण का होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तरात दडलेले आहे, असा संशय तेव्हा कोणाला आला नव्हता.

हिंदुस्थानाच्या हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्त्याची दैना केली होती आणि १८६६ च्या दुष्काळाने ओरिसा उजाड झाला होता. त्या धक्क्यांतून हे खाते जन्मले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड हे मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. खाते दोन वर्षांचे होते न होते तोच १८७७ उजाडले. त्या वर्षी देशभरातील वायुभारमापकांत हवेचा दाब नेहमीपेक्षा चढा दिसत होता आणि तो महिनोन्‌महिने उतरत नव्हता. ब्लॅनफोर्ड यांनी शेजारच्या व दूरच्या वेधशाळांकडे त्या काळातील नोंदी मागितल्या. उत्तरे आली तेव्हा दिसले, की दाब केवळ हिंदुस्थानावरच चढलेला नव्हता. ऑस्ट्रेलियाकडेही तीच स्थिती होती. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे सरकारी खगोलवेत्ते चार्ल्स टॉड यांनी पुढे १८८८ साली आपल्या व हिंदुस्थानच्या दुष्काळांची वर्षे शेजारीशेजारी मांडली आणि ती बऱ्याच अंशी जुळतात असे दाखवून दिले. हेच टॉड तारखात्याचेही प्रमुख होते. डार्विन बंदरापासून अॅडलेडपर्यंत वाळवंट ओलांडून जाणारी तारवाहिनी त्यांच्याच देखरेखीखाली १८७२ साली पुरी झाली होती. तार नसती तर दोन खंडांच्या आकाशाची तुलना करण्याची कल्पनाही कोणाला सुचली नसती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि सरकारने ब्लॅनफोर्ड यांच्याकडे पावसाच्या पूर्वानुमानाची मागणी केली. या मागणीला एक दुसरी बाजू होती. दुष्काळाचे खापर आकाशावर फोडणे राज्यकर्त्यांच्या सोयीचे होते. माणसे मरत असताना गहू बोटींतून परदेशी जात होता. दुष्काळी कामांवरील मजुरी इतकी तुटपुंजी केली होती, की तिच्याविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेने आकडेवारीनिशी आवाज उठवला. पावसाचे गणित सापडले तरी धान्याच्या वाटपाचे गणित वेगळेच राहणार होते. काही विद्वानांनी तर दुष्काळाचा दोरा थेट सूर्यापर्यंत नेला. सौर डागांचे चक्र साधारण अकरा वर्षांचे असते आणि मद्रासचे दुष्काळही त्याच तालावर येतात, असा सिद्धांत विल्यम हंटर यांनी १८७७ सालीच मांडला. सूर्याला जाब विचारता येत नाही, ही या सिद्धांताची मोठी सोय होती.

ब्लॅनफोर्ड यांची वाट अधिक पार्थिव होती. हिमालयात हिमवृष्टी जास्त आणि उशिरापर्यंत झाली, तर पुढचा पावसाळा दुबळा होतो, असे त्यांना आढळले. त्यामागचा तर्क सरळ होता: साचलेले हिम वितळवण्यात उन्हाची उष्णता खर्ची पडते, जमीन पुरेशी तापत नाही आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांची ओढ कमी होते. १८८४ साली त्यांनी हे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्याआधीपासूनच प्रायोगिक अंदाज सुरू झाले होते. ४ जून १८८६ रोजी संपूर्ण हिंदुस्थान व ब्रह्मदेशासाठी पहिला नियमित अंदाज निघाला. दीर्घ पल्ल्याच्या सरकारी पूर्वानुमानाची परंपरा तेथून सुरू होते.

ब्लॅनफोर्ड यांच्यानंतर आलेले जॉन एलियट यांनी हिमाच्या जोडीला मॉरिशस, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या नोंदी घेतल्या. अंदाज लांबत गेला, पण त्याची अचूकता त्या प्रमाणात वाढली नाही. १८९९ साली पाऊस बरा होईल, असे खात्याने सांगितले आणि त्या वर्षी राजस्थानात लोकांनी ‘छप्पनिया अकाल’ म्हणून लक्षात ठेवलेला दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ मधला म्हणून छप्पनिया. वृत्तपत्रांनी खात्याची इतकी टर उडवली, की पुढे काही वर्षे अंदाज जाहीर न करता केवळ सरकारदरबारी पाठवला जाई.

अशा खात्याची सूत्रे १९०४ साली गिल्बर्ट वॉकर यांच्या हाती आली. वॉकर हवामानतज्ज्ञ नव्हते. केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८८९ साली पहिले आलेले हे गृहस्थ भोवऱ्यांच्या गतिशास्त्रात रमत. फेकल्यावर परत येणाऱ्या बूमरँगवर त्यांनी इतके काम केले होते, की मित्रमंडळीत त्यांचे टोपणनावच ‘बूमरँग वॉकर’ पडले होते. हवेच्या हालचालींची समीकरणे त्यांना येत नव्हती असे मुळीच नाही. पण त्या समीकरणांवरून मोसमी पाऊस काढणे तेव्हा कोणालाही शक्य नव्हते, हे त्यांनी ओळखले. मग त्यांनी कारणांचा शोध बाजूला ठेवला आणि आकड्यांना बोलते करायचे ठरवले.

त्यासाठी त्यांनी निवडलेले साधन त्या काळी नवे होते: सहसंबंध गुणांक. दोन राशींच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी घ्यायच्या. एक वाढते तेव्हा दुसरीही नेमाने वाढत असेल, तर गुणांक १ कडे सरकतो. एक वाढताना दुसरी घटत असेल, तर उणे १ कडे. संबंधच नसेल, तर तो शून्याजवळ घुटमळतो. आज संगणकावर हे क्षणार्धाचे काम आहे. तेव्हा प्रत्येक गुणांकासाठी चाळीसपन्नास वर्षांचे आकडे घेऊन सरासरी काढणे, वजाबाक्या, वर्ग, गुणाकार, बेरजा आणि शेवटी वर्गमूळ, हे सारे हाताने करावे लागे. सिमल्याच्या कचेरीत हे काम हिंदी कारकुनांची फळी वर्षानुवर्षे करीत होती. झांझिबारचा पाऊस, सांतियागोचा दाब, होनोलुलूचे तापमान, नाईलच्या पुराची उंची असे जगभरातून आलेले आकडे त्यांच्या लेखणीखालून गेले. शोधनिबंधांवर नाव वॉकर यांचे आहे आणि ते योग्यही आहे. तरी विसाव्या शतकाच्या आरंभी हवामानशास्त्रातील सर्वांत मोठी आकडेमोड ज्यांच्या हातून झाली, त्यातील बहुतेकांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत.

याच वॉकर यांनी फेब्रुवारी १९१३ मध्ये मद्रासच्या भेटीत बंदर कचेरीतील एका कारकुनाच्या गणिती वह्या पाहिल्या आणि त्याला शिष्यवृत्ती द्यावी, अशी विद्यापीठाला शिफारस केली. त्या कारकुनाचे नाव श्रीनिवास रामानुजन. दरमहा ७५ रुपयांची ती शिष्यवृत्ती मिळाली आणि रामानुजन कारकुनीतून मोकळे झाले.

शेकडो राशींची शेकडो राशींशी तुलना करण्यात एक सापळा असतो. पुरेशा जोड्या तपासल्या की त्यांतल्या काही केवळ योगायोगाने जुळतातच. नाणे हजार वेळा उडवले तर सलग आठ छापे कुठेतरी पडणारच, तसे हे. वॉकर यांनी हा सापळा पुरेपूर जाणला होता. इतक्या जोड्यांमधून निवडलेला सर्वांत मोठा गुणांक खरा मानायचा असेल, तर तो किती मोठा असला पाहिजे, याची कसोटी त्यांनी १९१४ साली मांडली. त्या काळातील अनेक नामवंत हवामानतज्ज्ञांना ही सावधगिरी सुचली नव्हती. सौर डागांचा सिद्धांतही त्यांनी याच चाळणीतून गाळला. डागांचा पावसाशी असलेला संबंध इतका क्षीण निघाला, की अंदाजाला त्याचा उपयोग नव्हता. सूर्य सुटला.

मॉन्सूनसाठी वॉकर यांनी १९०९ साली पहिले समीकरण तयार केले. त्यात चार घटक होते: मेअखेरीस हिमालयात साचलेले हिम, वसंतातील दक्षिण अमेरिकेवरचा हवेचा दाब, मे महिन्यातील मॉरिशसचा दाब आणि एप्रिल-मे मधला झांझिबारचा पाऊस. साताऱ्याच्या शेतकऱ्याचे पीक चिलीच्या वायुभारमापकावर अवलंबून असू शकते, हे त्या समीकरणाने अधिकृतपणे कबूल केले होते. दक्षिण अमेरिकेची चाहूल आधी इतरांनाही लागली होती. स्वीडनचे हिल्डेब्रांडसन यांनी १८९७ साली सिडनी आणि ब्युनोस आयर्स येथील दाब उलटसुलट हलतात असे नोंदवले होते आणि लॉकियर पितापुत्रांनी पुढच्या दशकात हिंदुस्थान व अर्जेंटिना यांच्यात तसाच झोका पाहिला होता. हे तुकडे एका चित्रात बसवले ते वॉकर यांनी.

१९२३ आणि १९२४ च्या निबंधांत ते चित्र पूर्ण झाले. प्रशांत महासागरावर दाब चढला की आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या हिंदी महासागरावर तो उतरतो. तिकडे उतरला की इकडे चढतो. जणू अर्ध्या पृथ्वीएवढ्या लांबीची एक फळी मध्यावर टेकवून ठेवली आहे आणि ती काही वर्षांच्या अंतराने कधी या बाजूला, कधी त्या बाजूला झुकते. वॉकर यांनी या झोक्याला ‘दक्षिणी दोलन’ म्हटले. उत्तर अटलांटिक आणि उत्तर प्रशांत महासागरांवर आणखी दोन लहान दोलने त्यांनी दाखवली, ती वेगळी. ठिकठिकाणचे हवामान ही सुटी सुटी प्रकरणे नसून त्यांतली कित्येक एकाच हालचालीची टोके आहेत, हे प्रथमच आकड्यांनिशी सिद्ध झाले.

मात्र ज्या कामासाठी हे सारे केले, ते साधले नाही. सूत्रातील गुणांक जुन्या नोंदींशी चांगले जुळत. पुढच्या वर्षांत ते सैल होत गेले. वॉकर १९२४ साली निवृत्त होऊन लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला व तिच्या चौकाला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, ते यामुळेच. पण त्या कपाटांतून सिमल्याहून आलेला मुख्य प्रश्न अनुत्तरितच होता: हा झोका कोण देतो? वॉकर यांच्याजवळ कारण नव्हते, केवळ संबंध होते. त्यामुळे अनेकांनी त्यांचे काम बाजूला ठेवले. १९५८ साली ते वारले, तेव्हा रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकातील मृत्युलेखातही, त्यांच्या आकडेमोडीतून जागतिक हवामानाचा सिद्धांत उभा राहील असे दिसत नाही, असाच सूर होता.

त्या वेळी उत्तर समुद्रात तयार झालेले होते. पेरूच्या पैता बंदरातील खलाशांना एक उबदार प्रवाह ठाऊक होता. तो नाताळच्या सुमारास येई, म्हणून त्याला ते बाळ येशूच्या नावाने ‘एल निनो’ म्हणत. कॅप्टन कामिलो कारियो यांनी १८९२ साली लिमाच्या भूगोल परिषदेत त्याची नोंद केली होती. पण ती स्थानिक गंमत समजली गेली. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होते. प्रशांत महासागराची त्यापूर्वी कधी झाली नव्हती इतकी मोजमापे त्या वर्षी झाली आणि नेमका त्याच वर्षी मोठा एल निनो आला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील नॉर्वेजियन शास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी ती मोजमापे तपासली. उबदार पाणी केवळ पेरूजवळ नसून विषुववृत्तालगत हजारो किलोमीटर पसरले होते आणि वारेही त्याच वेळी मंदावले होते. १९६६ आणि १९६९ च्या निबंधांत त्यांनी हवा आणि पाणी यांची गाठ मारली.

एरवी प्रशांत महासागरावर व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. ते पृष्ठभागाचे तापलेले पाणी इंडोनेशियाकडे ढकलत नेतात, इतके की पश्चिमेकडील समुद्राची पातळी पूर्वेपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. पेरूच्या किनाऱ्याशी रिकाम्या झालेल्या जागी खोलवरचे गार पाणी वर येते. गार समुद्रावरची हवा जड असते, ती वर चढत नाही आणि म्हणून लिमात पाऊस पडत नाही. इंडोनेशियाजवळच्या उबदार पाण्यावर हवा वर चढते, ढग बांधते, उंचावरून पूर्वेकडे जाते आणि पेरूजवळ खाली उतरते. या प्रचंड चक्राला ब्यर्कनेस यांनी ‘वॉकर अभिसरण’ हे नाव दिले. काही वर्षांनी वारे ढिले पडतात. मग साठवलेले ऊबदार पाणी पूर्वेकडे सरकते, त्याबरोबर ढगांचा कारखानाही सरकतो, आणि ज्या भागात हवा वर चढत असे तिथे ती खाली उतरू लागते. खाली उतरणारी हवा ढग जमू देत नाही. इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया आणि बऱ्याचदा भारत कोरडा पडतो, तर पेरूच्या वाळवंटाला पूर येतो. १८७७ च्या साऱ्या घटना या एका वाक्यात बसतात. त्या दोलनाचे माप आज ताहिती आणि डार्विन येथील दाबांच्या फरकावरून काढले जाते. डार्विन, म्हणजे टॉड यांच्या तारेचे टोक.

वॉकर का हरले, तेही यातून उमगते. एल निनो वसंतात जेमतेम अंकुरतो आणि डिसेंबरच्या आसपास भरात येतो. मॉन्सूनचा अंदाज मात्र एप्रिल-मे मध्ये हवा असतो. १९२७ ते १९४४ या काळात खात्याचे प्रमुख असलेले चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ साली लंडनमधील व्याख्यानात ही विसंगती मांडली. मॉन्सून हा जागतिक हवामानाचा निष्क्रिय अनुयायी नाही. इतर ठिकाणच्या नोंदींवरून मॉन्सून सांगणे अवघड, पण मॉन्सूनवरून पुढच्या ऋतूंत इतरत्र काय होईल ते सांगणे त्या मानाने सोपे, असे त्यांचे म्हणणे होते. वॉकर भाकीत शोधायला गेले आणि भाकिताचे साधन त्यांना आपल्याच अंगणात सापडले, फक्त ते दुसऱ्यांच्या उपयोगाचे होते.

कारण सापडल्याने भारतीय अंदाजाचे प्रश्न संपले, असेही नाही. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी १९८८ पासून सोळा घटकांचे समीकरण वापरात आणले. जगभरचे दाब, तापमान, वारे व हिमावरण पाहण्याची वॉकर यांची रीतच त्यात विस्तारली होती. अनेक वर्षे अंदाज जुळले. १९९७ साली शतकातील सर्वांत प्रबळ एल निनोंपैकी एक आला. दुष्काळाच्या भीतीने देश धास्तावला आणि पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२ साली एल निनो मध्यम प्रतीचा होता. अंदाज १०१ टक्क्यांचा होता. जुलै जवळजवळ अर्धा कोरडा गेला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर थांबला. पुढच्याच वर्षी ते समीकरण बदलावे लागले.

या दोन वर्षांच्या फरकाचे काही धागे हाती आले आहेत. १९९९ साली साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी हिंदी महासागरातही पूर्व-पश्चिम असा तापमानाचा झोका आहे, हे दाखवले. त्याची पश्चिम बाजू उबदार असली की भारताला बहुधा लाभ होतो, आणि १९९७ मध्ये ती चांगलीच उबदार होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील के. कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दुसरा धागा दिला. एल निनो किती प्रबळ आहे यापेक्षा तो नेमका कोठे आहे, हे महत्त्वाचे ठरते. सर्वाधिक उष्ण पाणी प्रशांत महासागराच्या मध्यभागी असेल, तर खाली उतरणारी हवा भारतावर येऊन टेकते. ते पेरूजवळ असेल, तर भारत बऱ्याचदा वाचतो.

२०२३ साली पुन्हा एल निनो आला. जुलै चांगला बरसला. ऑगस्टमध्ये तूट ३६ टक्के होती. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नाही. त्यानंतर हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापू लागली आणि सप्टेंबरमध्ये पाऊस सरासरीहून अधिक झाला. हंगामाचा शेवट ९४ टक्क्यांवर झाला. सरासरीच्या भाषेत ते वर्ष फारसे वाईट नव्हते. मराठवाड्यात ऑगस्टमध्ये करपलेल्या सोयाबीनला मात्र सप्टेंबरच्या पावसाचा काहीही उपयोग नव्हता.